एडिटरमधला शेल एका फोल्डरमध्ये आणि एडिटर दुसऱ्याच, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा: ईमॅक्स या एडिटरमध्ये 'मेटा-एक्स शेल' ही कमांड देऊन शेल (कमांड टाइप करून चालवायची जागा) उघडला आणि त्यातच काम सुरू ठेवलं. काही दिवसांनी त्या शेलच्या खिडकीतून फाइल उघडायला गेलं की यादी भलत्याच फोल्डरची येऊ लागली. मग गिटची (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारं साधन) ब्रँच बदलल्यापासून कंपाइल किंवा ग्रेप (फाइलींत शब्द शोधणं) काहीही चालवलं, की 'सेटिंग करंट डिरेक्टरी: नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' ही एरर येते. गोंधळ असा, की त्याच शेलमध्ये 'पीडब्ल्यूडी' (आत्ताचा फोल्डर सांगणारी कमांड) दिलं तर पाथ अगदी बरोबर दिसतो. बाहेरच्या टर्मिनलमध्ये सगळं सुरळीत आहे. एडिटर दोनदा काढून पुन्हा बसवला, तरी फरक नाही.

तिसऱ्यांदा बसवू नका. एडिटर बिघडलेला नाही. तुमच्याकडे दोन वेगळी दुखणी एकमेकांवर चढून बसली आहेत, म्हणून एकाचा उपाय केला की दुसऱ्यामुळे तो फसल्यासारखा वाटतो. ती सुटी करायची तर वर्किंग डिरेक्टरी, म्हणजे ज्या फोल्डरमध्ये उभं राहून काम चालतं तो फोल्डर, ही नेमकी कुणाची असते, हे आधी नीट बघावं लागेल. तेवढा एक भाग शांतपणे वाचा. पुढचं बहुतेक त्यातूनच निघतं.

वर्किंग डिरेक्टरी फाइलची नसते, खिडकीची नसते, प्रोजेक्टचीही नसते. ती प्रोसेसची, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामची असते. प्रत्येक प्रोसेसला स्वतःची एक. प्रोसेस जन्माला येते तेव्हा आईबापाकडून ती जागा वारशाने घेते, आणि त्यानंतर दोघांचे रस्ते वेगळे. मुलाने जागा बदलली तर आईबापाला पत्ताही लागत नाही. युनिक्स घडवणाऱ्यांनासुद्धा हे ठेच लागूनच कळलं होतं. डेनिस रिची यांनी ती हकीकत लिहून ठेवली आहे. पीडीपी-7 यंत्रावरच्या सुरुवातीच्या युनिक्समध्ये डिरेक्टरी बदलणारी कमांड हा एक स्वतंत्र प्रोग्राम होता. प्रत्येक कमांडसाठी नवी प्रोसेस काढायची पद्धत आली आणि ती कमांड अचानक चालेनाशी झाली. ती मुकाट्याने आपल्या स्वतःच्या प्रोसेसची जागा बदलत होती, मग ती प्रोसेस संपत होती आणि शेल होता तिथेच राहत होता. म्हणून आज 'सीडी' ही डिरेक्टरी बदलणारी कमांड शेलच्या आतच बांधलेली असते. एडिटर आणि त्याच्या पोटातला शेल यांचं नातं नेमकं असंच आहे. शेल हे एडिटरचं मूल. मुलाने 'सीडी' केलं, तर एडिटरला ते आपोआप कळण्याची कुठलीही सोय ऑपरेटिंग सिस्टिममध्ये नाही.

त्यामुळे 'आपण आत्ता कुठे आहोत' या एकाच प्रश्नाची तीन ठिकाणी तीन उत्तरं साठवलेली असतात. पहिलं कर्नलकडे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे. त्याच्याकडे नाव नसतं, त्या डिरेक्टरीचा प्रत्यक्ष संदर्भ असतो. दुसरं शेलकडे. शेल आपल्या 'पीडब्ल्यूडी' व्हेरिएबलमध्ये पाथ अक्षरांच्या रूपात लिहून ठेवतो. तिसरं एडिटरकडे. ईमॅक्समध्ये प्रत्येक बफरचं (उघडलेली फाइल किंवा शेल ज्यात दिसतो ते पान) स्वतःचं 'डिफॉल्ट-डिरेक्टरी' नावाचं व्हेरिएबल असतं, आणि फाइल उघडणं, कंपाइल, ग्रेप हे सगळं त्याच्यावर विसंबून चालतं. तिघांचं एकमत असतं तोवर आपल्याला ते तीन आहेत हेसुद्धा जाणवत नाही. या विषयातल्या मी पाहिलेल्या बहुतेक तक्रारी म्हणजे या तिघांपैकी कुणीतरी एक मागे राहिलेला असणं. म्हणून काहीही बदलण्याआधी तिघांनाही वेगवेगळं विचारायचं.

शेलला विचारणं सोपं: 'पीडब्ल्यूडी'. एडिटरला विचारायचं तर त्याच शेल बफरमध्ये 'कंट्रोल-एच व्ही' दाबून 'डिफॉल्ट-डिरेक्टरी'ची किंमत बघायची. कर्नलला विचारणं मात्र बहुतेक जण विसरतात, आणि खरी मेख तिथेच असते. लिनक्सवर शेलमध्येच 'एलएस -एल' ही कमांड '/प्रॉक/$$/सीडब्ल्यूडी' या पाथवर द्या (पाथ अर्थातच मूळ रोमन अक्षरांत टाइप करायचा, दोन डॉलर चिन्हं म्हणजे शेलचा स्वतःचा प्रोसेस क्रमांक). बाणापुढे जो पाथ दिसेल ते कर्नलचं उत्तर. त्याच्यामागे कंसात 'डिलीटेड' असं लिहिलेलं दिसलं, तर अर्धं निदान तिथेच झालं. मॅकवर 'प्रॉक' नसतं. तिथे 'एलएसओएफ' या कमांडला शेलचा प्रोसेस क्रमांक देऊन 'सीडब्ल्यूडी'ची ओळ बघायची.

आता तुमचं पहिलं दुखणं, फाइल उघडताना दिसणारी भलतीच यादी. इथे कर्नल आणि शेल यांचं एकमत असतं, एडिटर मागे राहिलेला असतो.

ईमॅक्स शेलच्या मागावर कसा राहतो हे कळलं की तो कुठे चुकतो हेही कळतं. नेहमीच्या 'मेटा-एक्स शेल'मध्ये 'शेल-डरट्रॅक-मोड' चालू असतो. हा मोड शेलला काही विचारत नाही. तुम्ही काय टाइप करता ते वाचतो. ओळीच्या सुरुवातीला 'सीडी', 'पुशडी' किंवा 'पॉपडी' दिसलं की पुढचा पाथ वाचून आपली नोंद बदलतो. म्हणजे हा अंदाज आहे, आणि बऱ्यापैकी चांगला अंदाज आहे. पण तुम्ही एखाद्या फंक्शनमधून 'सीडी' केलं, नेहमीच्या फोल्डरवर उडी मारणारं झेड किंवा ऑटोजंपसारखं साधन वापरलं, किंवा 'सोर्स' केलेल्या स्क्रिप्टच्या पोटात कुठेतरी जागा बदलली, तर टाइप केलेल्या अक्षरांत 'सीडी' नसतंच. कमांडच्या उत्तरातून पाथ काढून त्यावर 'सीडी' केलं, तर शब्द असतो पण पाथ नसतो. शेल पुढे जातो, ईमॅक्स मागे राहतो. सुरुवातीला काही दिवस सगळं नीट चाललं आणि मग बिघडलं असं तुम्ही लिहिलंय. तेव्हाच्या सुमाराला एखादा नवा एलियास किंवा असं उडी मारणारं साधन घेतलंय का, ते आठवून बघा.

तात्पुरता उपाय एका कमांडचा आहे: 'मेटा-एक्स डर्स'. ती शेलकडे 'डर्स' ही कमांड पाठवते, उत्तर वाचते आणि त्यानुसार ईमॅक्सची नोंद दुरुस्त करते. मात्र ती कमांड तुम्हीच टाइप केल्यासारखी शेलमध्ये जाते. त्यामुळे शेल प्रॉम्प्टवर, म्हणजे पुढच्या कमांडची वाट बघत, रिकामा असेल तेव्हाच ती द्या. त्या क्षणी शेलमध्ये पायथनचा संवाद किंवा डेटाबेसचा क्लायंट चालू असेल, तर 'डर्स' ही अक्षरं त्याच्या तोंडात पडतील.

कायमचा उपाय हवा असेल तर अंदाज सोडून शेलकडूनच माहिती घ्या. जुना मार्ग 'डरट्रॅक-मोड'चा. नाव जवळपास सारखं असलं तरी हा मोड वेगळा आहे. तो टाइप केलेलं न वाचता प्रॉम्प्टमधला पाथ वाचतो, आणि त्यासाठी तुमच्या प्रॉम्प्टला जुळणारा रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकूर ओळखायचा साचा) लिहून द्यावा लागतो. प्रॉम्प्ट साधा असेल तर छान चालतो. रंगीत, दोन ओळींचा, ब्रँचचं नाव दाखवणारा प्रॉम्प्ट असेल तर तो रेग्युलर एक्स्प्रेशन सांभाळत बसणं नकोसं होतं. मला पटलेला मार्ग ओएससी 7 या एस्केप सीक्वेन्सचा. शेल प्रत्येक प्रॉम्प्टच्या आधी आपला पाथ डोळ्यांना न दिसणाऱ्या सांकेतिक रूपात छापतो आणि टर्मिनल तो टिपून घेतं. ईमॅक्स 29पासून शेल बफरलाही तो समजतो. त्यासाठी 'कॉमिंट-ओएससी-प्रोसेस-आउटपुट' हे फंक्शन 'कॉमिंट-आउटपुट-फिल्टर-फंक्शन्स'मध्ये घालायचं, आणि शेलच्या सेटिंगमध्ये तो संकेत छापणारी ओळ टाकायची. मग तुम्ही फंक्शनमधून जा की स्क्रिप्टमधून, प्रॉम्प्ट परत आला की नोंद ताजी. ईशेल (ईमॅक्समध्येच लिहिलेला शेल) वापरणाऱ्यांना हा त्रास होत नाही, कारण तिथे 'सीडी' स्वतः ईमॅक्सच करतो. दुसरी प्रोसेसच मध्ये नसते.

याच भागात एक गोष्ट मुद्दाम थांबून सांगते, कारण त्यात खरा धोका आहे. शेल बफरमध्येच 'एसएसएच' करून दूरच्या सर्व्हरवर गेलात आणि तिथे 'सीडी' करून '/ईटीसी'मध्ये शिरलात, तर डरट्रॅकला तुम्ही मशीन बदललंय हे कळत नाही. तुमच्याही मशीनवर '/ईटीसी' आहेच, त्यामुळे एररसुद्धा येत नाही. मग फाइल उघडता ती तुमच्या मशीनवरची. मी एकदा सर्व्हरची समजून माझ्याच लॅपटॉपवरची कॉन्फिग फाइल बदलून सेव्ह केली होती, आणि सर्व्हरवर बदल का दिसत नाही हे कळेपर्यंत बराच वेळ गेला होता. उलट दिशेनेही असंच होतं. ट्रॅम्पने (दूरच्या मशीनवरच्या फाइली ईमॅक्समध्ये उघडायची सोय) दूरची फाइल उघडलेली असेल आणि तिच्या बफरमधून 'मेटा-एक्स शेल' दिलं, तर शेल दूरच्या मशीनवर उघडतो, कारण त्या बफरची 'डिफॉल्ट-डिरेक्टरी' दूरची असते. दूरच्या कामासाठी शेल ट्रॅम्पमधूनच उघडा. मग तिघंही एकाच मशीनबद्दल बोलतात.

आणखी एक सवयीची चूक. 'शेल' नावाचा बफर आधीपासून चालू असेल, तर दुसऱ्या प्रोजेक्टच्या फाइलमधून 'मेटा-एक्स शेल' दिल्यावर नवा शेल उघडत नाही. जुनाच समोर येतो, जुन्याच जागी उभा. नवा हवा असेल तर आधी 'कंट्रोल-यू' द्या. प्रोजेक्टच्या मुळाशीच शेल हवा असेल, तर ईमॅक्स 28पासून असलेली 'प्रोजेक्ट-शेल' ही कमांड वापरा.

आता दुसरं दुखणं, जे ब्रँच बदलल्यावर आलं. यात शेल आणि एडिटर यांचं एकमत आहे, पण ज्या जागेबद्दल ते एकमताने बोलतायत ती जागाच राहिलेली नाही.

तुम्ही ज्या उपफोल्डरमध्ये होतात तो दुसऱ्या ब्रँचवर नसणार. ब्रँच बदलताना गिटने त्यातल्या फाइली काढल्या आणि रिकामा उरलेला फोल्डरही काढला. युनिक्सजातीच्या सिस्टिमवर एखादी प्रोसेस आत उभी असतानाही डिरेक्टरी काढता येते. नाव पुसलं जातं, पण प्रोसेसने संदर्भ धरून ठेवलेला असल्यामुळे कर्नल ती पूर्ण सोडत नाही. बॅशमधलं 'पीडब्ल्यूडी' आपल्याकडे लिहून ठेवलेला जुनाच पाथ छापतं, जागा अजून आहे का हे तपासत नाही. म्हणून ते उत्तर तुम्हाला 'अगदी बरोबर' दिसलं. ईमॅक्स मात्र कंपाइल चालवताना त्या पाथवर खरोखर जायला बघतो आणि 'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' म्हणतो. खरं तर इथे ईमॅक्स बरोबर आहे.

गिटच्या 2.35 आवृत्तीपासून, म्हणजे जानेवारी 2022पासून, एक सुधारणा झाली: गिटची कमांड ज्या फोल्डरमध्ये उभं राहून दिली, तो फोल्डर रिकामा झाला तरी गिट काढत नाही. पण हे फक्त त्या एका कमांडच्या जागेपुरतं आहे. तुम्ही ब्रँच बाहेरच्या टर्मिनलमधून बदलली असेल, किंवा मॅगिट या ईमॅक्समधून गिट चालवायच्या साधनातून, म्हणजे प्रोजेक्टच्या मुळाशी उभं राहून, तर एडिटरमधला शेल कुठे उभा आहे हे गिटला कळायचा मार्गच नाही.

हीच गोष्ट अनेक वेशांत भेटते. अशा जागी नवा बॅश सुरू केला तर 'शेल-इनिट: एरर रिट्रीव्हिंग करंट डिरेक्टरी: गेटसीडब्ल्यूडी: कॅनॉट ॲक्सेस पेरेंट डिरेक्टरीज' अशी लांबलचक ओळ येते. नोड चालवलं तर एररमध्ये 'यूव्ही_सीडब्ल्यूडी' दिसतं. पायथनमध्ये 'ओएस.गेटसीडब्ल्यूडी'वर 'फाइल-नॉट-फाउंड' येतं. लोक त्या भाषेची आवृत्ती बदलत बसतात. आजार एकच, आणि तो त्या भाषेत नाहीच.

याहून फसवा प्रकार म्हणजे काढून पुन्हा तयार केलेला फोल्डर. बिल्ड स्क्रिप्ट 'बिल्ड' फोल्डर पूर्ण पुसते आणि त्याच नावाने नवा करते. नाव तेच, जागा तीच, पण कर्नलच्या लेखी ही वेगळी डिरेक्टरी. तुमचा शेल अजून जुन्या, नाव पुसलेल्या डिरेक्टरीत उभा आहे. 'एलएस' दिलं तर रिकामं दिसतं, तिथे फाइल बनवायला गेलात तर बनत नाही, आणि शेजारच्या खिडकीतून बघितलं तर फोल्डर भरलेला. पाथ अक्षरशः सारखा असल्यामुळे डोळ्यांना काहीही सापडत नाही. '/प्रॉक'मधल्या त्या लिंकवर 'डिलीटेड' बघितल्याशिवाय हे ओळखणं अवघड, म्हणून सुरुवातीलाच तिचा आग्रह धरला.

यावर उपाय फार साधा आहे. फोल्डर त्याच नावाने परत आलेला असेल, तर अवतरणचिन्हांत 'पीडब्ल्यूडी' व्हेरिएबल देऊन त्यावरच 'सीडी' करा. शेल नावाने वाट चालतो आणि नव्या डिरेक्टरीत पोचतो. फोल्डर परत आलेलाच नसेल, तर नुसतं 'सीडी' देऊन होममध्ये या, किंवा प्रोजेक्टच्या मुळाचा पूर्ण पाथ द्या. त्यानंतर, आणि त्यानंतरच, 'मेटा-एक्स डर्स'. क्रम उलटा केलात तर शेल तोच मेलेला पाथ सांगेल आणि ईमॅक्स तिथे जाऊ शकणार नाही. नाहीशा झालेल्या फोल्डरमधल्या फाइलींचे बफर अजून उघडे असतील, तर त्यांची 'डिफॉल्ट-डिरेक्टरी'ही तीच मेलेली असते. ते बफर बंद करा, किंवा त्यात 'मेटा-एक्स सीडी' देऊन जिवंत फोल्डर द्या. एडिटर पुन्हा बसवूनही एरर का आली, याचं कारणही बहुधा इथेच असेल: मागचं सेशन जतन करायची सोय चालू असेल, तर नवा ईमॅक्सही तेच जुने पाथ पुन्हा उचलतो.

नेटवर्कवरचा फोल्डर असेल तर याच जातीची एरर 'स्टेल फाइल हँडल' या नावाने येते. तिथेही बाहेर पडून पुन्हा आत जाणं हाच पहिला प्रयत्न.

तिसरी शक्यता तुमच्याकडे दिसत नाही, पण हाच प्रश्न घेऊन येणाऱ्या बऱ्याच जणांची ती असते: शेल सुरुवातीपासूनच चुकीच्या जागी उघडतो. यात पहिला संशयित शेलची स्वतःची सुरुवातीची फाइल, म्हणजे बॅशआरसी किंवा झेडएसएचआरसी. कधीतरी सोयीसाठी त्यात 'सीडी'ची एक ओळ लिहिलेली असते आणि ती विसरली जाते. एडिटर बिचारा योग्य फोल्डरमध्ये शेल सुरू करतो आणि शेल सुरू होताच दुसरीकडे निघून जातो. एडिटरची कितीही सेटिंग बदलली तरी ही ओळ जिंकते. दुसरा संशयित, एडिटर कुठून सुरू केला ते. टर्मिनलमधून सुरू केला तर टर्मिनलची जागा वारशाने मिळते. मॅकवर डॉकमधून सुरू केलेल्या ॲपला सहसा मूळ '/' मिळते, आणि विंडोजवर शॉर्टकटमधल्या 'स्टार्ट इन' या रकान्यात जे लिहिलं असेल ते.

व्हीएस कोडमध्ये 'स्टार्टिंग डिरेक्टरी (सीडब्ल्यूडी) डझ नॉट एक्झिस्ट' असं आलं, तर 'टर्मिनल.इंटिग्रेटेड.सीडब्ल्यूडी' ही सेटिंग बघा. ती यूझर आणि वर्कस्पेस अशा दोन्ही ठिकाणी असू शकते, आणि दुसऱ्याच्या मशीनवरून आलेल्या वर्कस्पेस सेटिंगमध्ये त्याचा पाथ तसाच राहून गेलेला असतो. प्रोग्राम टर्मिनलमध्ये चालतो पण डीबगरमध्ये फाइल सापडत नाही म्हणतो, अशी तक्रार असेल तर टर्मिनलला हात लावू नका. डीबगरची 'लाँच' फाइल आणि टास्कची फाइल यांत 'सीडब्ल्यूडी' वेगवेगळं ठरवता येतं.

विममध्ये ':व्हर्बोज पीडब्ल्यूडी' द्या. सध्याची जागा ':सीडी'ने सगळ्यांसाठी ठरलीय, ':टीसीडी'ने फक्त या टॅबसाठी की ':एलसीडी'ने फक्त या विंडोसाठी, हे नव्या आवृत्त्या सांगतात. ':टर्मिनल' उघडताना विमची त्या क्षणीची जागा घेते आणि पुढे दोघांचा संबंध नाही. 'ऑटोसीएचडर' चालू असेल तर फाइल बदलली की जागा बदलते. काही प्लगइनना ते अजिबात मानवत नाही, म्हणून मी तो बंदच ठेवते.

विंडोजबद्दल दोनच गोष्टी. जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये प्रत्येक ड्राइव्हची जागा वेगळी लक्षात ठेवली जाते, त्यामुळे सी ड्राइव्हवर असताना डी ड्राइव्हच्या फोल्डरवर नुसतं 'सीडी' केलं तर काही झाल्यासारखं दिसत नाही. '/डी' जोडावं लागतं. आणि एडिटरमध्ये उघडलेला प्रोजेक्ट नेटवर्कच्या दोन तिरक्या रेघांनी सुरू होणाऱ्या पाथवर असेल, तर कमांड प्रॉम्प्ट तो पाथ चालत नाही असं सांगून विंडोजच्या फोल्डरमध्ये जाऊन उभा राहतो. त्या जागेला ड्राइव्हचं अक्षर देऊन मग प्रोजेक्ट उघडा.

राहिलं खुद्द 'सीडी'च अडणं. इथे एररचे शब्द नीट वाचणाऱ्याचा अर्धा वेळ वाचतो. 'नॉट अ डिरेक्टरी' म्हणजे वाटेतली एखादी पायरी साधी फाइल आहे. 'परमिशन डिनाइड' म्हणजे डिरेक्टरीवर एक्झिक्यूटची परवानगी नाही. नुसती वाचायची परवानगी आत शिरायला पुरत नाही. मॅकवर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' आलं तर ते वेगळं प्रकरण: 2019च्या कॅटालिनापासून डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स हे फोल्डर ॲपनुसार परवानगी मागतात. टर्मिनल ॲपला दिलेली परवानगी एडिटरला लागू होत नाही, म्हणून बाहेर चालतं ते आत चालत नाही.

'नो सच फाइल ऑर डिरेक्टरी' हे सर्वांत सामान्य उत्तर, आणि ते फोल्डर डोळ्यांसमोर दिसत असतानाही येतं. '~' अवतरणचिन्हांच्या आत गेलं तर शेल त्याचा होम करत नाही, ते अक्षर म्हणूनच राहतं. विंडोजवर सेव्ह केलेल्या स्क्रिप्टमध्ये प्रत्येक ओळीच्या शेवटी न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, आणि शेल ते फोल्डरच्या नावाचाच भाग समजतो. एडिटरमध्ये लाइन एंडिंग युनिक्सचं करून सेव्ह केलं की हे जातं. 'सीडीपाथ' व्हेरिएबल ('सीडी'ने फोल्डर कुठे शोधायचा याची यादी) एक्स्पोर्ट केलेलं असेल तर 'सीडी' तुमच्या समोरचं फोल्डर सोडून त्याच नावाच्या दुसऱ्या फोल्डरमध्ये जाऊ शकते, तेही यशस्वीपणे. ते व्हेरिएबल एक्स्पोर्ट कधीच करू नये.

आणि जे आपल्याला जास्त भोवतं ते: देवनागरीतली फोल्डरची नावं. 'दुसऱ्या' हा शब्दच घ्या. त्यातला तो आडवा अर्धा र तीन प्रकारे टाइप झालेला असू शकतो. युनिकोडमधलं 0931 क्रमांकाचं 'ऱ' वापरून, साधा 'र' आणि नुक्ता जोडून, किंवा साधा 'र', हलन्त आणि न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर घालून. पडद्यावर तिन्ही सारखे. लिनक्सची फाइलसिस्टिम मात्र सहसा फक्त बाइट जुळवते, त्यामुळे तिच्या लेखी ही तीन वेगळी नावं. मॅकची जुनी एचएफएस प्लस पहिल्या प्रकाराची फोड करून दुसऱ्या प्रकाराने साठवायची. तिथून फोल्डर लिनक्सवर आणला आणि कीबोर्डने नाव टाइप केलं, की 'नो सच फाइल'. नाव टाइप करू नका, पहिली दोन-तीन अक्षरं देऊन टॅबने पूर्ण करून घ्या, म्हणजे फोल्डरचे खरे बाइट येतात. टॅब काहीच पुढे नेत नसेल तर 'एलएस'चं उत्तर 'ओडी' या कमांडला देऊन बाइट प्रत्यक्ष बघा. एक हिशोबही लक्षात असू द्या: यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ईएक्सटी4वर नावाची मर्यादा 255 बाइटांची आहे, म्हणजे काना-मात्रा-हलन्त सगळे धरून 85 चिन्हं. लांबलचक मराठी नावांचे फोल्डर तिथे कॉपी होताना अडतात. आणि एडिटरमधल्या शेलमध्ये मराठी नावांऐवजी प्रश्नचिन्हं किंवा \340\244 असे आकडे दिसत असतील, तर फोल्डर ठीक आहे. डॉकमधून सुरू झालेल्या एडिटरला 'लँग' व्हेरिएबल मिळालेलं नाही, त्यात यूटीएफ-8 असलेलं लोकॅल द्या.

सिमलिंकबद्दल (दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणारी लिंक) एवढंच: 'सीडी ..' शेलच्या लिहिलेल्या पाथवरून एक पायरी मागे जाते, तर 'एलएस ..' कर्नलच्या खऱ्या डिरेक्टरीची आई दाखवते. सिमलिंकमधून आत गेला असाल तर या दोन जागा वेगळ्या असू शकतात. 'सीडी'ला कॅपिटल पीचा पर्याय देऊन आत गेलात तर हा घोळ होत नाही.

आता तुमच्या मशीनवर, याच क्रमाने. शेल बफरमध्ये '/प्रॉक'मधली ती लिंक बघा. 'डिलीटेड' दिसेलच असं मला वाटतं. प्रोजेक्टच्या मुळाचा पूर्ण पाथ देऊन 'सीडी' करा. प्रॉम्प्ट आला की 'मेटा-एक्स डर्स'. मग 'डिफॉल्ट-डिरेक्टरी' बघा आणि ती शेलशी जुळली की कंपाइल चालवा. जुन्या ब्रँचच्या फाइलींचे बफर बंद करा. ओएससी 7ची ओळ आजच टाका, नाहीतर पहिलं दुखणं पुढच्या उडीला परत येईल.

आणि तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'सीडी'च्या पुढच्या ओळीवर काही पुसणारी कमांड असेल, तर ती आधी दुरुस्त करा. 'सीडी' अडली तरी बॅश थांबत नाही, पुढची ओळ जिथे उभा आहे तिथेच चालवतो. 'सीडी'नंतर दोन उभ्या रेघा आणि 'एक्झिट' लिहा, म्हणजे जागा मिळाली नाही तर स्क्रिप्ट तिथेच संपेल. शेलचेक हे साधन नेमकी हीच चूक एससी2164 या क्रमांकाने दाखवतं; एडिटरमध्ये ते लावून ठेवा. एवढं करूनही एरर राहिली, तर कर्नल, शेल आणि एडिटर या तिघांची उत्तरं जशीच्या तशी कळवा, आणि एडिटर डॉकमधून सुरू केला की टर्मिनलमधून, तेही लिहा.